जुने डिझेल इंजिन तेल का खाते?

विहिरीवरचे इंजिन जुने झाले म्हणजे त्याच्याविषयी पहिली तक्रार बहुधा एकाच वाक्यात ऐकावयास मिळते. ती म्हणजे, इंजिन तेल खाऊ लागले. ही तक्रार ऐकून दोन तऱ्हेची माणसे दोन तऱ्हांनी वागतात. काही जण दररोज डब्याने तेल ओतीत राहतात आणि हंगाम संपेपर्यंत इंजिनाकडे पाहत नाहीत. दुसरे काही जण फिटरला बोलावतात. तो रिंगा आणि लायनर बदलावयास सांगतो आणि तसे केले जाते. पहिल्या मार्गात ऐन रब्बीच्या पाळीत इंजिन अडकून उभे पीक वाळण्याचा धोका असतो. दुसऱ्यात पैसा खर्च होऊनही महिन्या दोन महिन्यांत तेल पुन्हा पूर्वीइतकेच जाऊ लागल्याची उदाहरणे गावोगाव आढळतात. याचे कारण असे की, तेल खाणे हा स्वतः रोग नसून ताप येण्यासारखे ते एक लक्षण आहे. ताप कशाचा हे न ओळखता दिलेले औषध लागू पडले तर तो केवळ योगायोग समजावा.

वीजपंप आणि अलीकडील सौरपंप यांच्यामुळे डिझेल इंजिनांची संख्या पूर्वीसारखी राहिलेली नाही. तरीही नदीनाल्यावरून पाणी उचलण्यासाठी, वीज न पोचलेल्या विहिरींवर, मळणीयंत्रासाठी आणि वीज नसेल त्या वेळची सोय म्हणून ती अनेक ठिकाणी चालू आहेत, आणि त्यांतील पुष्कळ बरीच जुनी आहेत. त्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार मोठ्या जड चाकांच्या संथ इंजिनांचा. इंग्लंडमधील डर्सली येथील लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास बाजारात आणलेल्या नमुन्यावरून ही इंजिने भारतात, विशेषतः राजकोटकडे, मोठ्या प्रमाणावर तयार झाली. त्यांचा वेग मिनिटास सुमारे ६५० फेरे असतो. दुसरा प्रकार मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या लहान बांध्याच्या इंजिनांचा. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, तेव्हापासून या वर्गातील इंजिने महाराष्ट्राच्या शेतकऱ्याच्या परिचयाची आहेत. कोकण किनाऱ्यावर अशाच लहान डिझेल इंजिनांवर मासेमारीच्या होड्याही चालतात. त्यांच्या तेलखाऊपणाची कारणे बहुतांशी तीच, पण काही बाबतींत निराळी असल्यामुळे त्यांचा उल्लेख पुढे योग्य जागी केला आहे.

जुनी माणसे डिझेललाच तेल किंवा क्रूड म्हणतात. घोटाळा होऊ नये म्हणून या लेखात तेल या शब्दाने फक्त वंगणाचे तेल समजावे.

तेल जाते कोठे?

बैलगाडीच्या कण्याला वंगण घालावे लागते ते घर्षण कमी व्हावे म्हणून. इंजिनातील तेलाला याखेरीज आणखी तीन कामे करावी लागतात. ते दट्ट्याची उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचा कीस आपल्यात धरून ठेवते, आणि दट्ट्याच्या रिंगा व लायनर यांच्यामधील सूक्ष्म फट भरून दाब निसटू देत नाही. या शेवटच्या कामातच तेल खर्च होण्याचे मूळ आहे. क्रँक फिरताना खालचे तेल उडून लायनरच्या भिंतीवर बसते. दट्ट्या खाली येताना तळची तेल-रिंग हे तेल खरवडून परत खाली पाठविते आणि भिंतीवर केवळ एक अतिशय पातळ थर ठेवते. तो थर वरच्या बाजूस आगीच्या संपर्कात येतो आणि त्याचा थोडा अंश दर वेळी जळतो. म्हणून मुळीच तेल न खाणारे इंजिन असे काही नसतेच. एखाद्या इंजिनाची तेलपातळी महिनोन्‌महिने हलत नसेल, तर आनंद मानण्याऐवजी त्या तेलात डिझेल मिसळत नाही ना, याची चौकशी करणे अधिक शहाणपणाचे.

दट्ट्याला किती मजल मारावी लागते याचा हिशेब केला म्हणजे झीज का होते हे समजते. लिस्टर नमुन्याच्या इंजिनात दट्ट्याची एक खेप सुमारे १४० मिलिमीटरची असते. मिनिटास ६५० फेरे धरले तर तो तासाला जवळजवळ ११ किलोमीटर घासत जातो. ११० मिलिमीटर खेपेच्या आणि १५०० फेऱ्यांच्या लहान इंजिनात हीच मजल तासाला सुमारे २० किलोमीटर भरते. म्हणजे हजार तासांच्या कामात दुसऱ्या इंजिनाच्या रिंगा वीस हजार किलोमीटर धावलेल्या असतात, आणि तेही एका बोटाहूनही कमी जाडीच्या नव्हे, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या तेलाच्या थरावरून.

किती तेल जाणे योग्य?

याचे उत्तर लिटरमध्ये नव्हे, जळलेल्या डिझेलच्या प्रमाणात द्यावे लागते. इंजिन चांगल्या स्थितीत असेल तर डिझेलच्या शेकडा एक भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी तेल जावे, असा सर्वसाधारण अंदाज आहे. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराने चालले तर तासाला एक ते सव्वा लिटर डिझेल घेते. म्हणजे शंभर तासांत शे-सव्वाशे लिटर डिझेल आणि त्यासोबत एक ते सव्वा लिटर तेल गेले, तर इंजिनाविरुद्ध तक्रार करण्यास जागा नाही. जुन्या इंजिनात हे प्रमाण दुप्पट झाले तरी घाबरू नये. त्यापलीकडे गेल्यास कारण शोधावयास लागावे. आणि दहा तासांत एक लिटर तेल जात असेल तर शोध पुढे ढकलू नये.

मात्र हे प्रमाण मोजूनच ठरवावे. ‘पुष्कळ तेल जाते’ हे माप नव्हे. मोजण्याची रीत सोपी आहे. इंजिन पाण्याच्या पातळीने सपाट बसले आहे की नाही ते पाहावे. थांबविल्यावर पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत, म्हणजे वर उडालेले तेल खाली निथळते. मग तेलमापक पट्टी पुसून पुन्हा घालावी आणि वरच्या खुणेपर्यंत तेल भरावे. दहा-बारा तासांचे काम झाल्यावर त्याच जागी, तितकाच वेळ थांबून, पुन्हा वरच्या खुणेपर्यंत येण्यास किती तेल लागले ते मापाच्या भांड्याने मोजावे. तेवढ्या वेळात किती डिझेल लागले हेही वहीत लिहावे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने अशी एक वही प्रत्येक इंजिनाजवळ ठेवावयास लावली, तरी अर्धे काम झाले. दोन-तीन पाळ्यांच्या नोंदींवरून जे समजते ते नुसत्या धुराकडे पाहून समजत नाही.

येथे एक नेहमीची चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ जण पट्टीच्या वरच्या खुणेच्याही वर तेल भरतात. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः पातळी वाढली की क्रँक तेलात बुडून ते घुसळू लागते, लायनरवर गरजेपेक्षा पुष्कळ तेल उडते आणि रिंगांना ते खरवडणे साधत नाही. जादा तेल काही तासांत जळून जाते, पातळी खाली येते, मालक पुन्हा वर भरतो, आणि ‘इंजिन तेल खाते’ हा समज दृढ होतो. काही इंजिनांचा तेलखाऊपणा पातळी दोन खुणांच्या मध्ये ठेवताच निम्म्यावर येतो. होडीतील इंजिनात ही गोष्ट अधिक जपावी लागते. शिडाची होडी वाऱ्याने एका अंगावर कलते, तेव्हा तेलही एका बाजूस जाते. अशा स्थितीत पट्टी पाहून तेल घातले तर होडी सरळ होताच पातळी भलतीच वर गेलेली असते. म्हणून होडी स्थिर व सरळ असतानाच पट्टी पाहावी.

आधी बाहेर पाहा, मग आत

इंजिन उघडण्यापूर्वी ते पुसावे, ही सूचना इतकी साधी आहे की ती कोणी पाळीत नाही. वर्षानुवर्षांची माती आणि तेल यांचा लेप चढलेल्या इंजिनात गळती दिसणे शक्यच नसते. डिझेलच्या फडक्याने इंजिन स्वच्छ करावे, कोरडे करून सांध्यांवर खडूची पूड लावावी आणि खाली पांढरा कागद अंथरून तासभर चालवावे. ओली रेघ कोठून निघते ते खडूवर लगेच उमटते.

गळती क्षुल्लक वाटते, पण तिचा हिशेब क्षुल्लक नसतो. वीस ते तीस थेंबांचे एक मिलिलिटर तेल धरले आणि दर दोन सेकंदांस एक थेंब पडतो असे मानले, तर तासाला साठ ते नव्वद मिलिलिटर तेल मातीत जाते. बारा तासांच्या पाळीत हा आकडा पाऊण लिटर ते एक लिटर होतो. एवढे तेल रिंगांवरून जळत असते तर धुराने सगळी विहीर भरली असती! धूर स्वच्छ आणि तेल मात्र भराभर जाते, असे दिसले की गळतीच शोधावी.

गळती क्रँकच्या टोकाशी असलेल्या सीलमधून होत असेल, तर सील बदलण्याआधी क्रँककेसचा श्वासमार्ग म्हणजे ब्रीदर तपासावा. दट्ट्या खाली येताना क्रँककेसमधील हवा दबते. ती बाहेर पडण्यासाठी ही वाट ठेवलेली असते आणि बऱ्याच एकदट्ट्या इंजिनांत तिच्यात एक पातळ एकमार्गी पडदी असते. ही पडदी तुटली, तेलाच्या चिकट मळीने बसली किंवा नळी बुजली की आत दाब साठतो आणि तेल मिळेल त्या सांध्यातून बाहेर ढकलले जाते. बंद पडून राहिलेल्या इंजिनाच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केल्याचेही आढळते. अशा वेळी सील बदला, बोल्ट आवळा, पॅकिंग नवे घाला, काहीही केले तरी गळती थांबत नाही. आणि दोन मिनिटांत ब्रीदर साफ केला की थांबते. उलट, ब्रीदर मोकळा असून त्यातून सतत धुरकट वाफ जोराने येत असेल, तर ज्वलनाचा वायू रिंगांवरून खाली उतरत आहे असे समजावे. मग दोष आत आहे.

धुराची भाषा

धुराचा रंग पाहण्यासाठी इंजिन चांगले गरम झालेले असावे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. त्याचा तेलाशी थेट संबंध नाही. पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा किंवा पाण्याच्या वाफेचा असतो. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा उग्र वास ही तेल जळत असल्याची खूण होय. हा निळा धूर केव्हा येतो यालाही अर्थ आहे. रात्रभर उभे राहिलेले इंजिन सकाळी सुरू करताना थोडा वेळ निळा धूर येऊन नंतर तो निवळत असेल, तर झडपांच्या दांड्यांभोवतीच्या मार्गदर्शक नळ्या झिजून त्यांतून तेल खाली झिरपले असावे. भार चढविल्यावर धूर वाढत असेल आणि ब्रीदरमधूनही फुंकर येत असेल, तर रिंगा व लायनर यांच्याकडे संशयाने पाहावे.

फिटरकडे दाबमापक नसेल तरी एक साधी कसोटी घेता येते. इंजिन बंद ठेवून व डिझेल तोडून चाक हाताने दाबाच्या खेपेपर्यंत फिरवावे. चांगल्या इंजिनात चाक उशीवर टेकल्यासारखे अडते आणि सोडल्यास मागे येते. ते सहज पुढे निघून जात असेल तर दाब निसटत आहे. आता नोझलच्या जागेतून एक लहान चमचाभर तेल आत सोडून पुन्हा फिरवावे. दाब सुधारला तर तेलाने रिंगांची फट तात्पुरती भरली, म्हणजे दोष रिंगांत किंवा लायनरमध्ये आहे. काही फरक पडला नाही तर झडपा नीट बसत नाहीत. चमच्यापेक्षा अधिक तेल मात्र घालू नये. दट्ट्याच्या वरची जागा फार थोडी असते आणि तेल दबत नाही; जास्त तेलावर जोराने चाक फिरविल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो.

थंड पाणी आणि हलका भार

लायनर झिजतो तो चालून चालून, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा आहे, पण अर्धाच. आपल्याकडील पुष्कळ इंजिने कामाने झिजण्यापूर्वी थंडीने झिजतात. पंपाच्या डिलिव्हरी पाइपातून एक बारीक नळी काढून तिचे पाणी सरळ इंजिनाभोवती खेळवावयाचे आणि पुन्हा पाटात सोडावयाचे, ही व्यवस्था सोयीची असल्यामुळे सर्वत्र रूढ आहे. विहिरीचे थंडगार पाणी भरपूर सोडले की इंजिन गरम होत नाही, म्हणून मालक समाधानी असतो. परंतु लायनरची भिंत फार थंड राहिली तर ज्वलनातून निर्माण झालेली पाण्याची वाफ तिच्यावर दवासारखी जमते. डिझेलमधील गंधकाचा वायू त्या दवात विरघळून आम्ल तयार होते, आणि ते तेलाचा थर फोडून लोखंड खाते. भारतात १ एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाखांत दहा भागांपर्यंत खाली आणले आहे. पूर्वी ते याच्या कित्येक पट होते. त्यामुळे आम्लाचा उपद्रव बराच कमी झाला आहे. पण जुन्या लायनरची झीज त्या जुन्या काळातच होऊन गेलेली असते. आणि थंड भिंतीवरचे दव व न जळलेले डिझेल तेलाचा थर धुऊन काढते, तो भाग आजही शिल्लक आहे.

यावर उपाय म्हणजे पाण्याची चावी. बाहेर पडणारे पाणी ६० ते ७० अंश सेल्सियस असावे, म्हणजे त्यात हात धरून ठेवता येऊ नये, पण वाफही निघू नये. चावी इतकी कमी करावी की पाणी या उष्णतेला येईल. आणि एकदा ठरलेल्या जागी खूण करून ठेवावी. मात्र पाणी चालू आहे की नाही हे अधूनमधून पाहणे मग चुकवू नये. होडीच्या इंजिनात ही मुभा नसते. समुद्राचे पाणी जास्त तापले की त्यातील क्षार आत बसू लागतात, म्हणून खाऱ्या पाण्यावर थेट थंड होणारी इंजिने मुद्दाम ५५ अंशांच्या आसपास चालवितात. त्यांचे लायनर शेतातील इंजिनापेक्षा लवकर झिजतात याचे हे एक कारण आहे.

दुसरा शत्रू हलका भार. रिंग लायनरवर दाबली जाते ती केवळ तिच्या स्वतःच्या ताणाने नव्हे. ज्वलनाचा वायू रिंगेच्या मागील खाचेत शिरून तिला बाहेर दाबतो. भार कमी असेल तर हा दाब कमी, उष्णता कमी, आणि डिझेल अर्धवट जळते. त्याची राळ लायनरवर पसरून भाजली जाते. लायनर घासताना मुद्दाम ठेवलेल्या बारीक तिरप्या रेघा, ज्यांत तेल टिकावयाचे, त्या या राळेने भरून जातात आणि भिंत आरशासारखी गुळगुळीत होते. पाहणाऱ्याला वाटते, वा, काय सुंदर लायनर! पण या काचेवर रिंगेची पकड बसत नाही, आणि तेल वर सरकत राहते. युरोपातील शिडाच्या लहान होड्यांत बसविलेली जुनी इंजिने याचे ठळक उदाहरण होत. होडी शिडावर चालते. इंजिन लागते ते बंदरात शिरताना आणि नांगर टाकल्यावर बॅटरी भरण्यासाठी. वर्षाकाठी तास थोडे, पण तेही बहुतेक बिनभाराचे. त्यामुळे कामाचे तास फार न झालेली इंजिनेही भरपूर तेल खाताना दिसतात.

आपल्याकडे हीच स्थिती वेगळ्या मार्गाने येते. विहिरीचे पाणी तुटले म्हणून पंप लहान बसविला जातो, पण इंजिन आठ-दहा अश्वशक्तीचे जुनेच राहते. किंवा झरा कमी म्हणून इंजिनाचा वेग उतरवून ते दिवसभर कुथत ठेवले जाते. आपल्या इंजिनावर भार किती आहे हे वहीतील डिझेलच्या नोंदीवरून कळते. पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला अर्धा लिटरच डिझेल घेत असेल तर ते अर्ध्यापेक्षाही कमी भारावर चालले आहे. अशा विहिरीवर दिवसभर संथ चालविण्यापेक्षा पाणी साठू द्यावे आणि थोडेच तास, पण पूर्ण वेगाने व पूर्ण भाराने उपसावे. काच नुकतीच चढू लागली असेल तर काही तासांच्या भरभक्कम भाराने ती निघूनही जाते. पक्की बसल्यावर मात्र लायनर काढून होनिंग करण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

धूळ

धुळीविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, झिजविण्याच्या कामात तिची बरोबरी करणारे दुसरे काही नाही. मळणीयंत्रावर चालणाऱ्या इंजिनाची हवा-गाळणी मळणीच्या दिवसांत रोज साफ करावी. तेलाच्या गाळणीत तळाशी चिखल साचला की ती धूळ अडवीत नाही. गाळणी आणि इंजिन यांच्यामधील रबरी नळी फाटलेली असेल तर गाळणी असून नसल्यासारखीच.

पण या गाळणीत खुणेपेक्षा जास्त तेल घालणे हे त्याहून भयंकर. जादा तेल हवेबरोबर दट्ट्यावर ओढले जाते आणि डिझेलप्रमाणेच जळते. दाबलेल्या हवेची उष्णता ५०० अंश सेल्सियसच्या वर गेलेली असते. तिला डिझेल काय आणि वंगण काय, दोन्ही सारखीच. अशा वेळी इंजिनाचा वेग आपोआप वाढू लागतो आणि डिझेलचा कॉक बंद केला तरी थांबत नाही, कारण ते आता तेलावर धावत असते. रिंगा अतिशय झिजलेल्या असल्या, तर क्रँककेसमधील तेलावरही इंजिन असे पिसाळू शकते. त्याची हवा तोडणे हा उपाय. हवेच्या तोंडावर लाकडी फळी घट्ट दाबावी. हात कधीही लावू नये. दाब सोडण्याचा खटका हाताशी असेल तर तो उचलावा. वेग फार वाढला असेल आणि जवळ जाणे धोक्याचे वाटत असेल तर सर्वांना दूर करावे, आणि चाकाच्या रेषेत तर कोणीही उभे राहू नये. बिडाचे चाक वेगाने फुटले तर त्याचे तुकडे गोळ्यासारखे सुटतात. इंजिनघराजवळ एक योग्य मापाची फळी नेहमी टांगलेली असावी आणि ती कशासाठी आहे हे घरातील मोठ्या मुलांनाही ठाऊक असावे.

पातळी वाढते तेव्हा

तेल कमी होण्यापेक्षा ते वाढणे अधिक घातक आहे. फ्यूएल पंप गळत असेल किंवा नोझल फवारा न मारता थेंब टाकीत असेल, तर डिझेल खाली उतरून तेलात मिसळते. पातळी चढते किंवा आहे तेथेच राहते, आणि मालक खूष असतो. प्रत्यक्षात पातळ झालेले तेल बेअरिंगांना आधार देईनासे होते. पट्टीवरील थेंब बोटांत चोळून पाहावा. चिकटपणा गेला असेल, डिझेलचा वास येत असेल, तर तेल ताबडतोब बदलावे आणि मूळ दोष दुरुस्त होईपर्यंत इंजिन चालवू नये. तेल काळे झाले हा मात्र दोष नव्हे. डिझेल इंजिनाच्या चांगल्या तेलात काजळी धरून ठेवणारी द्रव्ये असतात. ते लवकर काळे पडते याचाच अर्थ ते आपले काम करीत आहे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळून चालविण्याची सवय असेल तर ती सोडावी. रॉकेलला वंगणगुण कमी. पंप आणि नोझल झिजतात आणि वरील दुखणे जडते.

दुरुस्ती करावी की तेल ओतावे?

सर्वांत स्वस्त गोष्टी आधी कराव्यात : पातळी, गळती, ब्रीदर, पाण्याची चावी, भार, नोझलचा फवारा. यांतील प्रत्येक बदलानंतर एक पाळी मोजून वहीत लिहावी. एवढ्यानेही फरक पडला नाही तरच इंजिन उघडावे. तेल कोणत्या प्रतीचे घालावे हे कंपनीच्या पुस्तकात असते. आपल्या हवामानात या इंजिनांना सामान्यतः एस.ए.ई. ३० किंवा ४० चालते. झिजलेल्या इंजिनात ३० ऐवजी ४० वापरून थोडी बचत होते यात शंका नाही. परंतु गिअरचे दाट तेल ओतणे, किंवा बाजारात मिळणाऱ्या जादूच्या पुड्या व बाटल्या टाकणे, यांनी झिजलेले लोखंड भरून येत नाही. दाट तेल सकाळी बेअरिंगांपर्यंत उशिरा पोचते आणि एक दुखणे झाकताना दुसरे निर्माण करते. ट्रॅक्टरमधून काढलेले जळके तेल गाळून इंजिनात घालणे ही तर काटकसर नव्हेच.

पुढचा प्रश्न हिशेबाचा आहे. इंजिन हाताने सहज सुरू होते, पाणी पूर्वीइतकेच फेकते, आणि चाळीस-पन्नास तासांत एखादा लिटर तेल घेते. अशा इंजिनाला हात न लावणे बरे. वर्षभरात त्याने जादा खाल्लेल्या तेलाची किंमत आणि लायनर, दट्ट्या, रिंगा व मजुरी यांची किंमत शेजारी शेजारी मांडली, तर बहुधा तेल ओतणेच परवडते. उलट, सुरू करताना दोन माणसे लागतात, डिझेलचा खर्च वाढला आहे, ब्रीदर भात्यासारखा फुंकतो, अशी स्थिती असेल तर केवळ तेलाचा हिशेब पाहू नये. तेथे डिझेल वाया जाते, आणि हंगामात इंजिन बंद पडण्याची भीती असते. असे काम रब्बीची शेवटची पाळी झाल्यावर हाती घ्यावे, पेरणीच्या तोंडावर नव्हे.

इंजिन उघडल्यावर प्रथम रिंगा मोकळ्या आहेत का ते पाहावे. पुष्कळदा त्या झिजलेल्या नसतात, खाचेत काजळीने चिकटलेल्या असतात. खाचा आणि तेल परत जाण्याची भोके साफ केली की त्याच रिंगा पुन्हा काम देतात. लायनर सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या भागात, जेथे पहिली रिंग उलट फिरते. त्याच्या वर न झिजलेली एक कडा राहते. बोटाने चाचपून ती जाणवते. अशा लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणे हा फिटरचा आवडता पण फसवा इलाज आहे. नवी रिंग त्या कडेवर आपटून तुटते. आणि भोक वर रुंद, खाली अरुंद झालेले असल्यामुळे ती कोठेच नीट बसत नाही. लायनरचे माप वर, मध्ये व खाली घेऊन ते कंपनीच्या मर्यादेबाहेर असेल तर लायनरच बदलावा. मर्यादेत असेल तर होनिंगने काच मोडून मग रिंगा घालाव्यात. रिंगेच्या तोंडाची फट लायनरच्या न झिजलेल्या भागात घालून मोजावी. शंभर मिलिमीटर व्यासाला ०.३ ते ०.४ मिलिमीटर हा तिचा सर्वसाधारण अंदाज आहे. फट फार लहान ठेवल्यास गरम झाल्यावर टोके भिडून रिंग लायनरला ओरखडते.

नवे काम झाल्यावर इंजिन दिवसभर बिनभाराचे हळूहळू चालवून ‘बसवावे’, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. वर सांगितलेली काच नेमकी अशानेच चढते. सुरुवातीस काही मिनिटे बिनभाराने चालवून तेल, पाणी व आवाज पाहावेत. मग अर्ध्या भारावर आणावे आणि पहिल्या काही तासांत टप्प्याटप्प्याने पूर्ण भारापर्यंत न्यावे, मधून थोडा वेळ भार उतरवीत जावे. या काळात तेल जास्त जाईल. रिंगा बसेपर्यंत ते जावयाचेच. नव्या भागांचा कीस त्यात उतरलेला असल्यामुळे पहिले तेल नेहमीच्या मुदतीपर्यंत ठेवू नये, पन्नास तासांच्या आत गरम असतानाच काढून टाकावे आणि तळाची जाळी धुवावी. काढलेले तेल विहिरीच्या काठी किंवा पाटात ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकास द्यावे. त्यानंतर वही पुन्हा नव्या पानावर सुरू करावी; पुढील दोन पाळ्यांतील आकडा शेकडा एकच्या जवळ आला नाही, तर फिटरला त्याच वहीसह परत बोलवावे.